जुन्या फॅमिली क्वार्टर्सचे काय करावे? दुरुस्ती, पुनर्बांधणी की निरोप, हे ठरवण्याची पद्धत

पुलगावचा मध्यवर्ती दारूगोळा डेपो, भद्रावती आणि जवाहरनगर येथील आयुध निर्माणींच्या वसाहती, कामठीची छावणी अशा ठिकाणी विदर्भात संरक्षण खात्याशी जोडलेल्या कुटुंबांची वस्ती आहे. कामठी नागपूरच्या शेजाराला आहे. बाकीच्या ठिकाणी वसाहतीचे कुंपण संपले की थोड्याच अंतरावर वावरे सुरू होतात. अशा मुलखात फॅमिली क्वार्टर जुने झाले की त्याचे काय करायचे, हा प्रश्न शहरातल्यासारखा सुटत नाही, कारण घर रिकामे करून जायला जवळपास दुसरे घर नसते आणि घराखालची जमीनही दर ऋतूला आपली जागा बदलत असते. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे अशाच घरांच्या देखभालीत गेली. हे टिपण पाहणीच्या मंडळावर बसणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि जेसीओंसाठी (सुभेदार-नायब सुभेदार दर्जाचे कनिष्ठ अधिकारी), कुटुंब कल्याणाच्या कामात असलेल्या भगिनींसाठी, आणि ज्यांच्या डोक्यावर ते छत आहे त्या कुटुंबांसाठी लिहिले आहे.

माझी एक चूक आधी सांगतो, कारण पुढची पद्धत त्या चुकीतूनच आली आहे. एका वसाहतीत आठ क्वार्टरांची एक बैठी चाळ होती. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी तिची पाहणी केली. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरप्या भेगांमध्ये रुपयाचे नाणे सहज जात होते आणि एका मागच्या भिंतीतून तर बाहेरचा उजेड दिसत होता. मी ‘राहण्यास अयोग्य’ असा शेरा लिहिला आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी आठही कुटुंबे तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोल्यांत गेली. सप्टेंबरच्या अखेरीस पाडकामाचे अंदाजपत्रक करायला गेलो, तेव्हा त्याच भेगांत पोस्टकार्डसुद्धा शिरत नव्हते. खालची काळी माती उन्हाळ्यात आकसली होती आणि पावसाळ्यात पुन्हा फुगली होती. घराला हवी होती ती भोवतालची फरसबंदी, नीट नाली आणि एका गळक्या नळाची दुरुस्ती. परंतु शेरा लागून गेला होता. कुलूपबंद चाळीच्या चौकटी एकेक करून नाहीशा झाल्या, गच्चीत पिंपळ रुजले, आणि काही वर्षांनी ती चाळ खरोखरच पाडावी लागली. त्या आठ कुटुंबांपैकी एकही पुन्हा त्या ओळीत राहायला आले नाही.

आधी नकाशा, मग भिंत

पाहणीला निघण्यापूर्वी वसाहतीचा नकाशा आणि जमिनीची नोंद मागवून घ्यावी. घर कोणाच्या ताब्यात आहे यावर मंजुरी कोणाची लागेल हे ठरते. सैन्याच्या क्वार्टर्सची देखभाल मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस म्हणजे एमईएस करते; आयुध निर्माणींचे १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले असून भद्रावती आणि जवाहरनगर (भंडारा) येथील निर्माण्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेल्या आहेत. त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातल्या वसाहतीने केले तसेच आपणही करू, असे म्हणून चालत नाही. संरक्षण खात्याची जमीन केंद्र सरकारची असते आणि तिचा हिशोब डिफेन्स इस्टेट्स विभागाकडे असतो. ती विकणे किंवा भाडेपट्ट्याने देणे स्थानिक लष्करी ठाण्याच्या हातात नसते.

दारूगोळ्याच्या साठ्याजवळच्या वसाहतीत याहून मोठा एक प्रश्न असतो, तो म्हणजे स्फोटकांच्या कोठारापासून राहत्या घराच्या सुरक्षित अंतराचा. साठा वाढला, त्याचा प्रकार बदलला किंवा नियम कडक झाले, तर पूर्वी अंतराबाहेर असलेली ओळ अंतराच्या आत येऊ शकते. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या डेपोत लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि शेजारच्या गावांतील लोकांना रातोरात घराबाहेर पडावे लागले. ती रात्र ज्यांनी पाहिली त्यांना या अंतराचे महत्त्व सांगावे लागत नाही. घर अंतराच्या आत येत असेल तर त्याच्या भिंती कितीही भक्कम असल्या तरी त्यावर मोठा खर्च करू नये. तिथल्या कुटुंबांना बाहेर जागा देणे एवढाच निर्णय उरतो आणि या टिपणातील पुढचा बराचसा भाग त्या ओळीला लागू होत नाही.

भेगांना एक उन्हाळा आणि एक पावसाळा द्या

वर्ध्यापासून पश्चिमेकडच्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. ज्या वावरात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच मातीवर उथळ पायाचे घर उभे असेल तर घरही त्या मातीबरोबर हलणारच. पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्यात जमीन बदलते. तिथला शेतकरी कन्हार, मोरंड, खरडी, बरडी अशी तिची वेगवेगळी नावे सांगतो आणि त्या नावांतूनच पाणी किती धरून ठेवते हे कळते. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो. तोपर्यंत शेजारच्या वावरातल्या जाणत्या माणसाला जमिनीचा प्रकार विचारून घ्यावा. मी हे नेहमी करत आलो आणि त्यांचे उत्तर क्वचितच चुकले.

पद्धत अशी. एप्रिलच्या सुरुवातीला प्रत्येक मोठ्या भेगेवर दोन्ही बाजूंना पक्की खूण करावी, दोन खुणांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे आणि तारीख भिंतीवर व वहीत दोन्हीकडे लिहावी. शक्य असेल तिथे भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने आडवी चिकटवावी. भिंत हलली तर काच तडकते आणि कोणालाही दिसते. त्यानंतर महिन्यातून एकदा, नोव्हेंबरपर्यंत, तेच अंतर पुन्हा मोजावे. भेग मे महिन्यात रुंद आणि ऑगस्टमध्ये अरुंद होत असेल तर दोष मातीतल्या पाण्याचा आहे. बाराही महिने एकाच दिशेने वाढत असेल तर पाया खचतो आहे. मुळीच हलत नसेल तर ती जुनी, स्थिरावलेली भेग आहे आणि तिला भीतीने पाहण्याचे कारण नाही.

भेगेचा आकारही वाचता आला पाहिजे. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती मधल्या मातीपेक्षा लवकर सुकते, घराची टोके खाली जातात, आणि भिंतीवरची भेग वरच्या बाजूला रुंद होते. मध्यभाग खचत असेल तर ती खालच्या बाजूला रुंद असते. स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यावर सरळ आडवी भेग दिसली तर ती बहुधा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्यामुळे पडलेली असते. पंचेचाळीस अंश तापमानात गच्चीवर पाय ठेवून पाहिला की हे लगेच पटते. अशा भेगेसाठी कोणाला घर सोडायला सांगू नये.

आता एक गोष्ट जी मी कित्येक घरांत पाहिली आणि जी पाहणीच्या छापील नमुन्यात कुठेच येत नाही. आपल्याकडे मार्च सरता सरता प्रत्येक खिडकीशी डेझर्ट कूलर लागतो. लोखंडी स्टँड भिंतीला टेकलेला, टाकी भरायला नळी लावून ठेवलेली, आणि टाकी भरून वाहिली की पाणी थेट जोत्याच्या पायथ्याशी. चार महिने, दिवसातून दोनदा. घराभोवतालची सारी जमीन तेव्हा वाळून आकसलेली असते आणि कूलरखालचा तेवढा हातभर तुकडा ओलाचिंब. तो तुकडा फुगून वर येतो, शेजारची माती खाली जाते, आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून विटांच्या थरांवरून पायऱ्या उतरावी तशी भेग जोत्यापर्यंत जाते. खाली बसून पाहिले तर तिथे शेवाळाची हिरवी रेघ असते, स्टँडचा पाय गंजून मातीत रुतलेला असतो, आणि भेगेच्या तोंडाशी मुंग्यांनी काढलेली माती असते. अशा घराला पाडण्याची मंजुरी मागण्याआधी कूलरला बारमाही निचऱ्याची नळी द्यावी. न्हाणीघराची मोरी, उघडा सांडपाण्याचा पाइप आणि भिंतीला लागून वाढलेले मोठे झाड हेही याच कुळातले दोष आहेत. झाड मुळांनी एका बाजूची ओल शोषते आणि ती बाजू खाली बसते.

उपाय तेवढाच साधा आहे. घराभोवती दीड ते दोन मीटर रुंदीची, बाहेर उतार असलेली पक्की फरसबंदी करावी, तिच्या कडेला नाली काढावी, सारे गळके पाइप बदलावेत आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. भेगा त्यानंतर भराव्यात. घाईने मे महिन्यातच भेगेत सिमेंट ठासले तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा राहत नाही आणि ती दुसरीकडून फुटते.

बारमाही वाढणाऱ्या भेगा असतील तिथे पायाशी एक खड्डा खणून पाया किती खोल आहे आणि कशावर टेकला आहे हे डोळ्यांनी पाहावे. काळी माती थोडी असून खाली मुरूम लागत असेल आणि पाया मुरमावर असेल, तर दोष मातीला देता येत नाही. पाया मातीतच अधांतरी असेल तर मात्र ते घर दर वर्षी हलत राहणार, आणि पुनर्बांधणीच्या बाजूने हा मोठा मुद्दा ठरतो. नवे घर अशा जमिनीवर बांधताना रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशात रूढ केलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले खांब, साडेतीन मीटर किंवा अधिक खोल नेले जातात, कारण त्या खोलीवर ऋतूप्रमाणे ओल फारशी बदलत नाही. अंदाजपत्रकात हा खर्च धरलेला नसेल तर ते अंदाजपत्रक परत पाठवावे. जुन्या चुकीवर नवे घर उभारण्यासारखे वाईट काम नाही.

स्लॅब आणि सळई

भेग डोळ्यांना घाबरवते; सळईचा गंज घाबरवत नाही आणि माणसाचा जीव घेतो. एका स्वयंपाकघरात मी पाहणीला गेलो तेव्हा गॅसच्या शेगडीवर दोन हात लांबीचा काँक्रीटचा पापुद्रा पडलेला होता. घरातली ताई दूध घ्यायला फाटकापर्यंत गेली होती, म्हणून वाचली. त्या छताला एकही भेग नव्हती. वरच्या मजल्याचे न्हाणीघर तिथेच होते.

म्हणून छत हाताने तपासावे. लहान हातोडीने स्लॅबच्या खालच्या बाजूला वीतभर अंतरावर ठोकत जावे; पक्के काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले भद्द वाजते. न्हाणीघराखालचे आणि गच्चीवरच्या टाकीखालचे छत, तसेच सज्जे, आधी पाहावेत. भद्द वाजेल तिथला पापुद्रा काढून सळई ब्रशने साफ करावी आणि व्हर्नियरने मोजावी. आठ मिलिमीटरची सळई साडेसहा मिलिमीटर उरली असेल तर तिचा एक तृतीयांश भाग गेलेला आहे, कारण ताकद जाडीच्या वर्गाने कमी होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो आणि तोच काँक्रीट आतून फोडतो. वरून प्लास्टर करून हा दोष झाकला तर तो आणखी वेगाने वाढतो.

यंत्राच्या चाचण्या करून घ्याव्यात, पण त्यांचे आकडे स्वतःला वाचता आले पाहिजेत. अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनीचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगले आणि तीनच्या खाली असेल तर संशयास्पद, असे आयएस १३३११ हे जुने भारतीय मानक सांगत होते; चालू मानकातले आकडे पाहून घ्यावेत. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचे वाचन म्हणजे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक. फिनॉल्फ्थॅलिन या रंग दाखवणाऱ्या द्रावणाची चाचणी तर सर्वांत स्वस्त आहे: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते शिंपडले आणि गुलाबी रंग आला तर तिथे सळईला संरक्षण आहे, रंग आला नाही तर ते संपले आहे. हा रंगहीन थर सळईपर्यंत पोहोचला का, एवढेच पाहायचे.

अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात एक प्रश्न हटकून विचारावा: हे घर बांधताना पाणी कुठले वापरले? सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे आयएस ४५६ : २००० या मानकात आहे. खाऱ्या बोअरच्या पाण्याने कालवलेले काँक्रीट वरून कितीही सुंदर दिसले तरी त्यातली सळई आतून गंजत राहते आणि तिथे डागडुजीवर घातलेला पैसा टिकत नाही.

घराचे वय किती, हा प्रश्न मी इतका उशिरा घेतो यामागे कारण आहे: वयावरून घराची अवस्था कळत नाही. कोचीच्या चंदर कुंज आर्मी टॉवर्सची उदाहरणादाखल आठवण ठेवावी. सैनिकांच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या त्या संकुलातील सदनिका २०१८ मध्ये ताब्यात दिल्या गेल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्यातले दोन मनोरे पाडून नव्याने बांधण्याचा आदेश दिला. याच्या उलट, जाड भिंतींच्या आणि कोरड्या पायाच्या कितीतरी जुन्या बैठ्या क्वार्टर्समध्ये मी वापरण्याजोगी सळई आणि खणखणीत स्लॅब पाहिला आहे.

वीज, पत्रे आणि आकार

वायरिंग जुने असेल तर ते वादाशिवाय पूर्ण बदलावे. एका पंख्या-दिव्यासाठी ओढलेल्या तारेवर आज कूलर, गिझर, फ्रिज आणि इस्त्री चालते. अर्थिंग आहे का हे मोजून पाहावे. ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू नयेत, घासू नयेत. ओले करून अखंड उतरवावेत आणि त्या वेळी मुले जवळपास नसावीत. घराचा आकार स्केल्स ऑफ ॲकॉमोडेशनने, म्हणजे संरक्षण खात्याच्या निवासमापांच्या नियमावलीने, ठरतो आणि ती २०२२ मध्ये सुधारली गेली, त्यामुळे जुने घर आजच्या मापाला लहान पडणे स्वाभाविक आहे. लहान घर आणि धोकादायक घर या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एका रकान्यात त्या घालू नयेत.

राहणाऱ्यांना विचारताना

कोणत्या महिन्यात कोणती भिंत ओली होते, कोणत्या बटनाला झटका बसतो, टाकीचे पाणी वरच्या मजल्यावर किती वाजता चढते, हे घरातल्या बाईइतके कोणालाच ठाऊक नसते. परंतु मंडळातील साहेब दारात उभे राहून ‘काही त्रास?’ असे विचारतात तेव्हा उत्तर ‘नाही साहेब’ असेच येते. जवानाची पत्नी नवऱ्याच्या वरिष्ठासमोर तक्रार करणार नाही आणि वरिष्ठांच्या पत्नीसमोर तर मुळीच नाही. म्हणून हे काम एखाद्या स्त्रीने, चहा घेत, घरात बसून आणि नाव न लिहिता करावे. एकदा मे महिन्यात दुपारी तीनला जावे आणि एकदा जुलैच्या झडीत जावे.

यातून येणारी माहिती कधी कधी अभियंत्याचे मत बदलते. एका वसाहतीत बैठी घरे पाडून चार मजली इमारत बांधण्याचे ठरत आले होते. बायकांनी सांगितले की त्यांना नवे घर हवे आहे, पण अंगण हवे की नको, हे त्यांना कोणी विचारलेच नाही: उन्हाळ्यात सांडगे-कुरडया तिथेच वाळतात, रात्री खाट तिथेच पडते, आणि नवरा सरहद्दीवर असताना शेजारणीचा आवाज त्याच अंगणातून येतो. फील्डवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी, गेलेल्या जवानांची कुटुंबे जिथे राहतात त्या ओळीत हा मुद्दा सर्वांत जड असतो. अखेर तिथे दोन मजली घरे झाली आणि मधे मोकळी जागा राहिली. जमीन पुरेशी असलेल्या ग्रामीण ठाण्यात उंच बांधण्याची घाई कशासाठी करावी, हे मला आजही कळलेले नाही.

हिशोब

समजा, एक नवे घर पाया, नाली, वीज व पाडकाम धरून २५ लाखांना पडते आणि पन्नास वर्षे टिकेल. म्हणजे वर्षाला ५० हजार. जुन्याची पूर्ण दुरुस्ती ८ लाखांत होते. ती वीस वर्षे टिकली तर वर्षाला ४० हजार, दहाच वर्षे टिकली तर ८० हजार. म्हणजे सारा निर्णय एका आकड्यावर उभा आहे, आणि तो आकडा रुपयांचा नसून उरलेल्या आयुष्याचा आहे. तो वर्षभराच्या भेगांच्या नोंदी आणि सळईची मापे यांच्याशिवाय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून पुढे गेला की मी पुनर्बांधणीकडे झुकतो. त्याच्या आत असेल आणि पाया स्थिर असेल तर दुरुस्तीकडे. नव्या बांधकामाच्या बाजूला कुटुंबांनी बाहेर राहण्याचा काळ, त्याचे भाडे आणि मुलांच्या शाळेचे अंतर हेही मांडावे.

तिसरा मार्ग, म्हणजे घरे विकून टाकून भाड्याने परत घेणे, अधूनमधून कोणीतरी सुचवतो. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने १९९६ मध्ये ५७,४०० कुटुंब-निवास सुमारे १.६६ अब्ज पौंडांना एका खाजगी कंपनीला दीर्घ पट्ट्याने विकले, ते भाड्याने परत घेतले आणि देखभालीचा भार स्वतःकडेच ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये त्यातली उरलेली ३६,३४७ घरे सुमारे सहा अब्ज पौंड मोजून परत घ्यावी लागली. ज्या तालुक्यात भाड्याला घरेच मिळत नाहीत तिथे आपल्या हातची घरे सोडणे तर याहून जोखमीचे आहे. ठाणे आकाराने खरोखरच घटले असेल आणि पुढे कुटुंबे येणारच नसतील, तरच निरोपाचा विचार करावा.

कुटुंबे मधल्या काळात कुठे राहतील

कोचीच्या प्रकरणात न्यायालयाने पुनर्बांधणी होईपर्यंत रहिवाशांना दरमहा भाडे देण्यासही सांगितले. आपल्याकडे भाड्याची रक्कम मंजूर होईलही, पण तेवढ्या खोल्या तालुक्यात असतात का, हे कोणीतरी आधी जाऊन मोजले पाहिजे. मी ज्या आठ कुटुंबांना बाहेर काढले त्यांतली दोन शेवटी एकाच घराच्या पुढच्या-मागच्या खोल्यांत राहिली आणि एका मुलाने शाळेची बस चुकते म्हणून वर्ष मधेच सोडले.

म्हणून एकदम सारी ओळ रिकामी करू नये. बदल्यांमुळे जी घरे आपोआप रिकामी होतात ती दुसऱ्याला न देता धरून ठेवावीत, त्यांची दुरुस्ती आधी करावी, शेजारच्या ओळीतली कुटुंबे तिथे हलवावीत आणि मग ती ओळ हातात घ्यावी. काळ्या जमिनीत पायाचे काम पावसाळा संपून जमीन वाफशावर आल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून करता येते, आणि जोते मेअखेरपर्यंत वर आलेच पाहिजे. नाहीतर पहिल्या पावसात खड्डे भरतात आणि वर्ष वाया जाते. यामुळे घर हलवण्याची वेळ दिवाळीच्या सुट्टीत येते, जी मुलांनाही सोयीची आहे.

पाडायचे ठरलेले घर रिकामे झाल्याच्या दिवशीच वीज आणि पाणी मुख्य जोडणीपासून तोडावे, मीटरची नोंद घ्यावी, दारे-खिडक्या उतरवून भांडारात जमा कराव्यात आणि उघड्या जागा विटांनी बंद कराव्यात. उघडे क्वार्टर दोन पावसाळ्यांत साप-विंचवांचे होते आणि वसाहतीतली मुले खेळायला नेमकी तिथेच जातात.

वही

मंडळावरचे अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात. भेगेचे खरे रूप कळायला एक वर्ष लागते आणि मंजुरीला त्याहून अधिक. त्यामुळे प्रत्येक ओळीची एक जाड वही ठाण्याच्या कार्यालयात ठेवावी आणि ती बदलीच्या कागदांबरोबर सही घेऊन पुढच्या माणसाकडे द्यावी. तिच्यात पहिल्या पानावर ओळीचा नकाशा आणि प्रत्येक भेगेचा क्रमांक असावा, त्यानंतर महिन्यागणिक मापे, सळईच्या जाडीची जागेसहित नोंद, पायाच्या खड्ड्यात काय दिसले ते, बांधकामाचे पाणी कुठले होते ते, आणि राहणाऱ्या बायकांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांच्याच शब्दांत. प्रत्येक मापापुढे तारखेबरोबर त्या दिवशी जमीन कोरडी होती की ओली, हे एका शब्दात लिहावे. मी त्या चाळीच्या नोंदीत मे महिन्याची तारीख लिहिली होती. ‘कोरडी’ हा शब्द लिहिला नव्हता, आणि माझ्यानंतर आलेल्या अभियंत्याला ती नोंद वाचून दुसरे काहीच समजण्यासारखे नव्हते.